मधल्या फळीत खेळायचंय? आधी मान वळवायला शिक

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर फुटबॉलची मॅच असली की टाळ्या कुणाला पडतात ते एकदा नीट बघ. तिघांना चकवून गेलेल्याला, लांबून ठोकलेल्या फटक्याला, झेपावून बॉल काढणाऱ्या गोलकीपरला. मधे उभा राहून दोन टचमध्ये बॉल डावीकडच्या गर्दीतून उजवीकडच्या मोकळ्या माणसाला काढून देणाऱ्यासाठी गॅलरीतून शिट्टी येत नाही. त्यामुळं आपल्याकडं पेठेपेठेतल्या पोरांना पुढं खेळायचं असतं. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला आपला अनिकेत जाधवही पुढच्या फळीतलाच. त्याच स्पर्धेत ९ ऑक्टोबरला दिल्लीत कोलंबियाविरुद्ध जीक्सन सिंगनं हेडरनं गोल केला. फिफाच्या कुठल्याही विश्वचषकातला भारताचा तो पहिला गोल, आणि तो मणिपूरच्या एका मिडफिल्डरचा. कोल्हापुरातून असा मिडफिल्डर का निघू नये, हा प्रश्न मला कायम पडतो. हे लिहायला बसलो ते त्यासाठीच.

मी तालमीकडून, म्हणजे पेठेच्या संघाकडून, हाफला (मधल्या फळीत) खेळलो, नोकरी केली, आणि आता सकाळी पोरांना शिकवतो. खाली लिहितोय ते दहा-अकरा वर्षांच्या पोरापासून पहिला करार हातात आलेल्या खेळाडूपर्यंत सगळ्यांसाठी आहे, मधला थोडा भाग आईवडिलांसाठी. पोरींनीही हे आपल्यालाच सांगितलंय असं धरावं. गडहिंग्लज तालुक्यातल्या बेकनाळच्या अंजू तुरंबेकर आशियाई फुटबॉल महासंघाचं (एएफसी) कोचिंगचं ‘ए’ लायसन्स मिळवून देशाच्या फुटबॉल महासंघात ग्रासरूट विभागाच्या प्रमुख झाल्या, तेव्हा वाट अगदीच नवी नाही.

बॉल यायच्या आधी

फॉरवर्डच्या पाठीमागं बहुतेक वेळा एक-दोन माणसं असतात. डिफेंडरच्या समोर सगळं मैदान असतं. मिडफिल्डरच्या मात्र चारी बाजूंना माणसं असतात आणि त्यातली निम्मी त्याला दिसत नाहीत. म्हणून बॉल पायात आल्यावर विचार सुरू केला तर उशीर झालेलाच असतो. गंगावेशीतून मोटारसायकल काढताना आरशात न बघता वळणारा माणूस आणि खांद्यावरून मागं न बघता बॉल घेणारा मिडफिल्डर, दोघांचं भवितव्य सारखंच.

गेर योर्डेट नावाच्या नॉर्वेजियन संशोधकानं इंग्लिश प्रीमियर लीगमधल्या मिडफिल्डरांच्या चित्रफिती जवळून तपासल्या. बॉल येण्याआधी जे जास्त वेळा मान वळवून बघतात, त्यांचे पुढं दिलेले पास जास्त प्रमाणात पोचतात, असं त्यात दिसलं. चेल्सीचा लॅम्पार्ड हे त्यातलं गाजलेलं नाव. स्पेनमध्ये बार्सिलोनाकडून खेळलेला झावीही असाच सतत मान वळवणारा. झावीची जुनी मॅच मोबाईलवर लाव आणि बॉलकडं अजिबात बघू नको, फक्त त्याच्या डोक्याकडं बघ. दहा मिनिटांत तुला जे कळेल ते मी चार पानं लिहून सांगू शकणार नाही.

बघायचं कधी, हे पोरांना कुणी सांगत नाही. नुसतं ‘बघ बघ’ ओरडून उपयोग नाही. बॉल तुझ्याकडं निघायच्या आधी एकदा बघ, म्हणजे ज्याच्याकडून पास येणार आहे त्याच्याकडं बॉल जात असतानाच. मग बॉल तुझ्याकडं निघाला की प्रवासात असताना पुन्हा एकदा, चटकन, आणि लगेच नजर परत बॉलवर. पहिल्या नजरेत मोकळी जागा कुठं आहे ते कळतं. दुसऱ्या नजरेत ती जागा अजून मोकळी आहे का ते कळतं. दुसरी नजर बहुतेक पोरं टाळतात, कारण बॉल सुटेल अशी भीती असते. ती भीती सरावानंच जाते.

माझ्याकडं जुना बुधवारातला एक पोरगा आहे, पाय चांगला, अंगानं किरकोळ. सेंटर बॅककडून, म्हणजे बचावाच्या मधल्या खेळाडूकडून, पास आला की तो छाती त्याच्याकडं करून, जवळच्या पायानं बॉल घ्यायचा. मागून माणूस आला की पुन्हा मागंच पास. त्याला एकच गोष्ट बदलायला लावली. बॉल यायच्या आधी अंग तिरपं कर, एक खांदा आपल्या गोलाकडं आणि एक समोरच्या गोलाकडं, आणि बॉल लांबच्या पायापर्यंत येऊ दे. म्हणजे उजवीकडं वळायचं असेल तर बॉल डाव्या पायासमोरून जाऊ द्यायचा आणि उजव्या पायाच्या आतल्या बाजूनं घ्यायचा. पहिल्याच टचला तोंड पुढं होतं. आधी तो बॉल पायाला चिकटवून थांबवायचा. आता तो त्याला हात-दोन हात पुढं, मागून येणाऱ्या माणसाच्या पलीकडं सरकवतो, आणि तो माणूस मोकळ्या हवेत पाय घालून निघून जातो. पोरगा तोच आणि त्याचा वेगही तोच, तरी समोरचे आता म्हणतात की हा लई चपळ झालाय.

घरी करायचा सराव साधा आहे. भिंतीपासून पाच-सहा पावलांवर उभा राहा. मागं मित्राला उभं कर, त्याच्या दोन हातांत दोन रंगांची फडकी. तू भिंतीवर पास मारलास की तो एक फडकं वर करणार. बॉल परत यायच्या आधी मागं बघून रंग ओरडायचा, आणि फडकं ज्या बाजूला असेल त्या बाजूला पहिला टच घ्यायचा. मग पाय बदलायचा. डाव्या पायाला उजव्यापेक्षा दुप्पट वेळ दे, कारण मधल्या फळीत एकच पाय चालणाऱ्याला समोरचा कोच पंधरा मिनिटांत एका बाजूला कोंडतो.

मैदानावर गेल्यावर कोपऱ्यात चार विरुद्ध चार खेळा, लहान जागेत, दोनच टचची अट घालून. आणि रोंडो. पाच जण कडेनं, मधे दोघं, बॉल कडेच्यांनी फिरवायचा. बरेच जण तो मॅचआधीची गंमत म्हणून खेळतात. तो खरा शिकवणारा होतो तेव्हा, जेव्हा पास सहकाऱ्याच्या ‘जवळ’ न जाता त्याच्या लांबच्या पायावर जातो. पोरांना मी सांगतो की पास देताना पुढच्यानं काय करायचं तेही त्यातच सांगायचं. मागं माणूस नसेल तर लांबच्या पायावर, म्हणजे तो वळेल. माणूस असेल तर जवळच्या पायावर जोरात, म्हणजे तो लगेच परत देईल. तोंडानंही बोलायचं: ‘वळ’, ‘मागं माणूस’, ‘एकटा हायस’. गप्प मिडफिल्डर मला चालत नाही.

सहा, आठ की दहा

मिडफिल्डमध्ये जागा तीन तऱ्हेच्या. बचावाच्या पुढ्यात बसणारा सहा नंबर, दोन्ही पेनल्टी बॉक्समध्ये धावणारा आठ, आणि फॉरवर्डच्या मागं खेळणारा दहा. पोरांना सगळ्यांना दहा व्हायचं असतं. चौदा वर्षांपर्यंत हा विचार करूच नको, सगळीकडं खेळ. त्यानंतर प्रामाणिकपणं बघ की मॅचमध्ये तू आपोआप कुठं जातोस. बॉल हिसकावण्यात आनंद वाटतो का, की बॉल मिळाल्यावर?

माझं मत विचारशील तर आपल्याकडच्या पोरानं सहा नंबरचा विचार आधी करावा. भारतातले क्लब पुढं गोल करायला परदेशी खेळाडू आणतात, दहा नंबरलाही बऱ्याचदा परदेशीच असतो. बचावाच्या पुढं शांत डोक्यानं बसणाऱ्या भारतीय पोराला तुलनेनं लवकर संधी मिळते. आणि ही जागा कमी प्रतीची नाही. एन्गोलो कांते फ्रान्सच्या खालच्या विभागांतून वर आला, २०१६ मध्ये लेस्टरबरोबर आणि २०१७ मध्ये चेल्सीबरोबर लागोपाठ प्रीमियर लीग जिंकला, २०१८ ला विश्वविजेता झाला. अंगानं लहानखुरा, पण बॉल कुठं पडणार हे त्याला इतरांच्या आधी कळायचं.

अंग कधी आणि कसं घडवायचं

मोठ्या मॅचमध्ये मिडफिल्डर दहा ते बारा किलोमीटर धावतो. ते ऐकून वडील बारा वर्षांच्या पोराला पहाटे रंकाळ्याभोवती पळवायला नेतात. नका नेऊ. त्या वयात बॉलबरोबर खेळणं हेच धावणं. सोळाच्या पुढं, चांगल्या देखरेखीखाली, मुद्दाम दम वाढवायचा. नॉर्वेतच २००१ मध्ये ज्युनियर खेळाडूंवर एक अभ्यास झाला: चार मिनिटं जोरात, जवळजवळ पूर्ण दमानं धावणं, मग तीन मिनिटं हळू, असं चार वेळा, आठवड्यातून दोनदा, आठ आठवडे. मॅचमधलं त्यांचं एकूण धावणं वाढलं, बॉलशी येणारा संबंधही वाढला. चार चौकांचं हे गणित कुठल्याही मैदानावर जमतं, आणि बॉल घेऊन केलं तर आणखी चांगलं.

वॉर्मअप मात्र लहानपणापासून. फिफानं चौदा वर्षांच्या पुढच्यांसाठी तयार केलेला ‘११+’ नावाचा कार्यक्रम फुकट मिळतो, त्याहून लहानांसाठी त्याचाच ‘११+ किड्स’ आहे. ‘११+’ मध्ये पंधरा व्यायाम, वीस मिनिटं, खास साहित्य काही लागत नाही. गुडघा आणि मांडीमागचा स्नायू यांच्या दुखापती त्यानं कमी होतात हे तपासलेलं आहे. आपल्या कडक मैदानांवर गुडघा गेला की तालमीतलं कुणीतरी मालीश करून देतं आणि पुढच्या रविवारी पोरगं पुन्हा उतरतं. मालीश कितीही चांगली असो, गुडघ्यात ‘टक’ असा आवाज येऊन सूज आली असेल तर हाडांच्या डॉक्टरला दाखवून एमआरआय झाल्याशिवाय बूट घालायचे नाहीत. यावर मी कुणाचं ऐकत नाही.

खाण्याचं थोडक्यात. कट्ट्यावरचं दूध, अंडी, भाकरी, कडधान्यं, मटण, सगळं उत्तम, फक्त मॅचच्या दिवशी रस्सा नको. मॅचच्या तीन तास आधी साधा भात किंवा पोहे, नंतर एखादं केळं.

आणि अंगानं लहान आहे म्हणून पोराला कुणी नाकारलं तर? लुका मॉड्रिचला लहानपणी हायदुक स्प्लिटनं असंच किरकोळ म्हणून घेतलं नव्हतं. डिनामो झाग्रेबनं त्याला घेतलं आणि अठराव्या वर्षी बोस्नियातल्या झ्रिन्स्की मोस्तारकडं उसना पाठवला. तिथल्या खरबरीत, अंगावर येणाऱ्या लीगमध्ये तो मोठ्या माणसांशी खेळला. २०१८ मध्ये तोच बॅलन डी’ओर, म्हणजे जगातल्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब, घेऊन उभा होता. यातली घेण्यासारखी गोष्ट अशी, की मोठ्या संघाच्या बाकावर बसण्यापेक्षा लहान संघात दर आठवड्याला नव्वद मिनिटं मिळत असतील तर तिकडं जावं. मिडफिल्डर बाकावर बसून शिकत नाही.

आईवडिलांसाठी: कागद आणि ट्रायल

जन्मदाखला पहिल्या दिवसापासून खरा आणि एकच असू द्या. वय दोन वर्षांनी कमी दाखवा असा सल्ला देणारी माणसं मैदानाच्या कडेला भेटतात. वयोगटाच्या स्पर्धांत मनगटाच्या हाडांची तपासणी होते. त्यात सापडलं की बंदी येते, आणि तोवर पोरगा लहान मुलांवर जोर काढून जिंकायला शिकलेला असतो, विचार करायला नाही. मिडफिल्डरच्या बाबतीत हे नुकसान भरून निघत नाही.

दुसरं, महासंघाच्या सीआरएस या ऑनलाइन यंत्रणेत पोराची नोंदणी क्लबमार्फत झाली आहे का, हे विचारून घ्या. तालमीकडून, शाळेकडून खेळला, पण नोंद नाही, असं व्हायला नको. याच्याशी तालमीचाही फायदा जोडलेला आहे. खेळाडू पुढं एका देशातून दुसऱ्या देशात पैसे मोजून विकला गेला, तर फिफाच्या नियमाप्रमाणं त्या रकमेतले ५ टक्के त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. नोंद नसेल तर हक्क सांगणार कशाच्या जोरावर?

वाटा बऱ्याच आहेत. पुण्यात बालेवाडीला शासनाची क्रीडा प्रबोधिनी, नवी मुंबईत रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्स, जमशेदपूरला १९८७ पासूनची टाटा फुटबॉल अकादमी. शाळेकडून सुब्रतो कपपर्यंत पोचणारे संघ बघायला निवड करणारी माणसं येतात. गोव्यात तर गावोगावी फुटबॉलचं वातावरण आहे. मडगावचा ब्रँडन फर्नांडिस पोरवयात दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनच्या अकादमीत शिकायला गेला, परत येऊन वेगवेगळ्या क्लबांतून फिरला, दुखापतीतून गेला, आणि एफसी गोवात त्याचा खेळ फुलला. त्याची वाट सरळ नव्हती. तुमच्या पोराचीही नसेल, तेव्हा एका ट्रायलमध्ये नाव आलं नाही म्हणून घरात सुतक पाळू नका.

ट्रायलला मिडफिल्डर नेहमी तोट्यात असतो. अनोळखी पोरांचा संघ, कुणी पास देत नाही, जो तो स्वतः गोल करायला निघालेला. अशा वेळी पोरानं चकवण्याच्या नादाला लागू नये. बॉल घ्यायला स्वतः सेंटर बॅकजवळ जावं, नावं विचारून घ्यावीत, मोठ्यानं बोलावं, चुकला तर लगेच बॉलमागं पळावं. बॉल नसताना पोरगा काय करतो हे चांगला निवडकर्ता बघतो. पैसे घेऊन ‘निवड पक्की’ म्हणणाऱ्या ट्रायलच्या वाटेला जाऊ नका. परदेशी अकादमीच्या नावाची पत्रकं वाटणाऱ्यांना तर सरळ विचारा की अठराच्या आतल्या खेळाडूची परदेशात बदली फिफाच्या नियमांत मोजके अपवाद सोडून बसत नाही, मग तुम्ही ती कशी करणार?

पहिला करार

करार हातात आला की घरी आण, सही दुसऱ्या दिवशी. अठराच्या आतल्या खेळाडूशी तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा करार फिफा मानत नाही. मोठ्यांसाठी सर्वसाधारण मर्यादा पाच वर्षांची. कराराचे शेवटचे सहा महिने उरले की दुसऱ्या क्लबशी बोलणी करून पुढचा करार करायला तू मोकळा असतोस. दोन महिन्यांचे पगार थकले, तर क्लबला लेखी नोटीस देऊन किमान पंधरा दिवसांची मुदत द्यायची, आणि तरीही पैसे आले नाहीत तर न्याय्य कारणानं करार मोडता येतो. हे नियम पाठ असू देत. भारतात खेळाडूंची संघटना आहे, एफपीएआय, तिचं सभासदत्व घे.

कागदात चार गोष्टी शोध: पगार कुठल्या तारखेला, दुखापत झाली तर ऑपरेशनचा आणि नंतरच्या फिजिओचा खर्च कुणाचा, त्या काळात पगार चालू राहतो का, आणि क्लब कुठल्या कारणानं करार मोडू शकतो. तोंडी दिलेलं आश्वासन लिहून मागताना लाजायचं कारण नाही. एजंट असेल तर २०२३ पासून त्याला फिफाची परीक्षा आणि लायसन्स लागतं, आणि ते फिफाच्या संकेतस्थळावर तपासता येतं. पोरगा अल्पवयीन असेल तर पालकांच्या लेखी संमतीशिवाय एजंटानं त्याच्याशी बोलणंही नियमात बसत नाही.

शिक्षण सोडू नको, हे मी प्रत्येकाला सांगतो आणि त्याला कारण आहे. जुलै २०२५ मध्ये आयएसएलचा पुढचा हंगाम आयोजकांनी अनिश्चित काळासाठी थांबवला आणि काही क्लबांनी पगार रोखले. देशातल्या सर्वांत वरच्या लीगमधले खेळाडू घरी बसून वाट बघत होते. महाराष्ट्रात खेळाडूंसाठी सरकारी नोकऱ्यांत ५ टक्के आरक्षण आहे, पण त्याला पात्र स्पर्धेतलं यश, पडताळणी झालेलं प्रमाणपत्र आणि पदाला लागणारं शिक्षण, तिन्ही लागतात. प्रमाणपत्रं प्लास्टिकच्या फाइलमध्ये ठेव, स्पर्धा संपताच माग. पाच वर्षांनी संघटनेच्या दारात हेलपाटे घालताना माणसं मी बघितलीत.

तिशीच्या पुढं

वेग कमी होतो तेव्हा फॉरवर्डचं दुकान बंद व्हायला लागतं. मिडफिल्डरला मात्र मागं सरकता येतं. आंद्रेया पिर्लो मुळात दहा नंबर. २००१ मध्ये ब्रेशियात त्या जागेवर बाज्जो होता, म्हणून कोच मात्सोनेनं पिर्लोला बचावाच्या पुढ्यात बसवलं. पुढं मिलानला आन्चेलोत्तीनं त्याला तिथंच ठेवलं. २००६ ला तो विश्वविजेता झाला आणि २०११ मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी, युव्हेंटसला जाऊन लागोपाठ चार लीग जिंकला. तो वेगवान कधीच नव्हता, त्यामुळं वेग गेल्याचं त्याला काही वाटलं नाही. मॉड्रिच तर चाळिशीच्या उंबरठ्यावर, २०२५ मध्ये, रियाल सोडून मिलानला गेला.

तेव्हा अठ्ठावीस-एकोणतीसला, अजून दम असतानाच, कोचशी बोलून सरावात मागच्या जागेवर खेळायला सुरुवात कर. तिथून मैदान वेगळं दिसतं, जोखीम घेता येत नाही, बॉल गेला की थेट गोलवर धोका. ते शिकायला एक-दोन हंगाम जातात.

त्याच काळात कोचिंगचं ‘डी’ लायसन्सही करून टाक. त्यानंतर एएफसीचं सी, बी, ए आणि शेवटी प्रो. खेळत असतानाच डी केलं तर सकाळी मैदानावर पोरं घेऊन उभं राहता येतं, आणि आपल्या पेठेला आत्ता तेच हवंय. गांधी मैदानात पावसाचं पाणी साचलेलं असलं तरी कोपऱ्यात सुकी जागा सापडते, बारा पोरांना तेवढी पुरते. त्यांना पहिल्या दिवशी शर्यत लावायची नाही. दोन रंगांची फडकी घेऊन जायचं.